उरलेलं अंतर

१

आमच्या घराची मागची भिंत आणि शिवणी विमानतळाचं कुंपण यांच्यामध्ये एक बैलगाडी जाईल एवढीच वाट आहे. तरी आमच्या पोरीला विमान पकडायला नव्वद किलोमीटरवर, अमरावतीपलीकडे बेलोऱ्याला जावं लागलं. अकोल्याच्या या धावपट्टीवरून प्रवासी विमान उडतच नाही. लहानपणी पौर्णिमा गच्चीवर उभी राहून विचारायची, "बाबा, इथून विमान कधी जाईन?" मी म्हणायचो, "वेळापत्रक लागलं की सांगतो." त्याला वीस वर्षं होऊन गेली आणि मी अजून काही सांगितलेलं नाही.

वेळापत्रक हाच माझा धंदा होता. मी शालिकराम. एसटीत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची एकोणीस कंट्रोलर म्हणून. चार वर्षं मूर्तिजापूरच्या स्टँडवर, बाकीची अकोल्याला. गाडी किती वाजता सुटली ते सांगा, आत्ता ती कुठे असेल ते मी डोळे मिटून सांगतो. उशिरा येणारे ड्रायव्हर नाना कहाण्या सांगायचे. मी म्हणायचो, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. अंतर आणि वेळ खोटं बोलत नाहीत, बोलतात ती माणसं, असं माझं मत होतं आणि आजही आहे.

तेव्हा पुढे जे सांगतोय ते कुण्या भित्र्याचं सांगणं समजू नका. मी अंगारे-धुपारे मानत नाही. बायकोच्या उपासांची मी आयुष्यभर चेष्टा करत आलो आहे.

२

मे महिना होता. पौर्णिमा कापसाच्या जिनिंगमधली इंजिनिअर आहे, तिला केनियात नोकरी लागली. आदल्या दिवशी बेलोऱ्याहून मुंबई, रात्री तिथे मैत्रिणीकडे मुक्काम, आणि सकाळी सहाला मुंबईहून नैरोबी असा बेत होता.

आम्ही घरून निघायच्या तासभर आधी धुळीचं वादळ आलं. खिडक्या लावेपर्यंत बैठकीतल्या फरशीवर पिठासारखी बारीक धूळ बसली. पौर्णिमा देवघरातून अनवाणी निघाली, दही-साखर खात बैठक ओलांडून दाराशी आली आणि तिथे तिने बूट घातले. तिची पावलं धुळीत उमटली. अकरा पावलं, देवघरापासून उंबऱ्यापर्यंत.

मी झाडू हातात घेतला तर माणिक, म्हणजे माझी बायको, अंगावर धावून आली.

"ठेवा तो खाली! माणूस वाटेवर असलं की घर झाडत नाई. पोचली म्हणून फोन आला की मंगच झाडीन मी."

"अवं, उद्या बारा वाजतील तिले. तोवर धूळ खात बसायचं का?"

"बसायचं. तिचे पाय पुसायचे नाई."

ही चाल आमच्या घरात जुनीच आहे. मी बाहेरगावी जायचो तेव्हाही माणिक माझा फोन येईस्तोवर केर काढायची नाही, मग मी यवतमाळला का गेलेलो असेना. मी हसलो. तिने पावलांच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या लावून ठेवल्या. पोरीला बेलोऱ्याला सोडून संध्याकाळी परत आलो तेव्हा तिने मला मागच्या दाराने घरात घेतलं. पोरगी पावणेदोन तासांत मुंबईत पोचली होती, तिचा तसा फोनही आला होता. पण माणिक म्हणाली, मुंबई ही वाट झाली, पोचणं नव्हे.

३

सकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना पौर्णिमाचा फोटो आला. खिडकीजवळची जागा, कमरेला पट्टा, चेहऱ्यावर भीती आणि आनंद दोन्ही. खाली लिहिलं होतं, "आता फोन बंद करते बाबा." मी मोबाइलवर नकाशा लावला. उडालेलं विमान कुठे आहे ते त्यात दिसतं, तिनेच शिकवलं होतं. मुंबई ते नैरोबी साडेचार हजार किलोमीटर. वेळ सहा तास दहा मिनिटं. म्हणजे आपल्या घड्याळात बारा वाजून दहा. उरलेलं अंतर आणि उरलेला वेळ खाली आकड्यात येत होते आणि कमी कमी होत होते. एकतीस वर्षांत एसटीने मला असं यंत्र दिलं असतं तर माझे निम्मे केस काळे राहिले असते.

पावणेआठला मी मागे कूलरच्या टाकीत पाणी भरत होतो. आत माणिकचा मोबाइल वाजला, ती हसून काही बोलली, आणि मग फरशीवर झाडूचा आवाज आला. खर्र, एकदाच. मी नळ तसाच सोडून आत गेलो.

माणिक देवघराजवळ वाकून उभी होती. पदर खोचलेला, तोंडभर हसू.

"काय करून राहिली तू?"

"पोचली ना माझी पौर्णिमा! आत्ताच फोन आला."

मला आधी बरंच वाटलं. मग डोक्यातलं घड्याळ जागं झालं.

"माणिक, सहाले उडालं ते विमान. आत्ता पावणेआठ झाले."

"मंग? तिकडं टाइम येगळा राह्यते म्हणे. अडीच तास मांगं."

"मांगं घड्याळ असते, विमान पुढं नाई जात! अजून समुद्राचा मंधही नाई आला." मी मोबाइल तिच्यापुढे धरला. निळ्या पाण्यावर ते एवढंसं विमान, खाली उरलेला वेळ चार तास पंचवीस मिनिटं. "हे पाह्य."

ती पाहत राहिली. "पण तिचाच आवाज होता वो. मी काय माह्या लेकराचा आवाज नाई वयखत?"

"काय म्हणे?"

"पोचली म्हणे. आन म्हणे, आई, आता झाडून घे."

कुणीतरी टवाळी केली असेल, असं मी म्हणून पाहिलं. पण फोनवर नाव पौर्णिमाचंच होतं. मी तिच्या नंबरवर लावला तर तो बंद. माणिकच्या पायाशी पाहिलं तर देवघरापासचं पहिलं पाऊल, डावं, झाडूच्या एका फटकाऱ्यात पुसलं गेलं होतं. दहा उरली होती.

मी तिच्या हातातला झाडू काढून घेतला. काल ज्याने या चालीची टिंगल केली त्यानेच आज झाडू काखेत धरला होता. मला भीती वाटत नव्हती, राग येत होता. पावणेदोन तासांत गाडी साडेचार हजार किलोमीटर आली असं कुणी माझ्या तोंडावर सांगतं आणि मी सही करावी असं समजतं, याचा राग.

मग ते पावणेदोन तास डोक्यात घोळू लागले. कालच मोजले होते मी ते. मुंबई आणि बेलोरा यांच्यामधले.

४

 मी कागद घेऊन बसलो. समजा, नुसतं समजा, सहाला मुंबईहून कुणी निघालं आणि पावणेआठला बेलोऱ्याला उतरलं. पुढे एसटीची साधी, म्हणजे थांबत थांबत येणारी गाडी धरली. मूर्तिजापूर आठ पन्नास. बोरगाव मंजू साडेनऊ. शिवणी फाटा नऊ त्रेपन्न. फाट्यापासून आमचं फाटक दोन मिनिटांवर. स्वतःचंच अक्षर पाहून मला हसू आलं. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते हेच असावं.

आठ पन्नासला माणिकचा फोन वाजला. मी तो आधीच स्वतःकडे घेतला होता.

"बाबा," पौर्णिमा म्हणाली. "पोचली मी."

आवाज तिचाच होता. "बाबा" म्हणताना ती शेवटी थोडी ओढते, तसंच.

"कुठं पोचली?"

"पोचली ना."

"गावाचं नाव सांग."

 तिच्या मागे माणसांचा गलका होता आणि त्यातून एक घोगरी हाळी आली. "गर्रम फुट्टाणे, चलो फुट्टाणे!" हा ओमप्रकाश. मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडीच्या खिडक्यांखालून फुटाणे विकतो. चार वर्षं रोज ऐकलेला आवाज आहे तो. नैरोबीत ओमप्रकाश फुटाणे विकत नाही.

"बाबा, आईनं झाडलं का?"

"नाई झाडलं," मी म्हणालो. "आन झाडणार पण नाई."

पलीकडून फोन ठेवला गेला. कूलर चालू असून माझी बनियन पाठीला चिकटली होती. माणिक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि मी काय सांगतो याची वाट पाहत होती. मी सांगितलं, राँग नंबर.

५

सगळ्या गोष्टीला कारण असतं. पोरीचं विमान चुकलं असेल आणि लाजेने ती सांगत नसेल, हे एक कारण. नकाशात विमान दिसतं, आत कोण बसलं आहे ते दिसत नाही. पण पट्टा बांधलेला फोटो माझ्याजवळ होता. मी तो चार वेळा पाहिला.

नऊ पंचवीसला मी अब्दुल रहीमला फोन लावला. रहीमभाई आमच्याच डेपोचा ड्रायव्हर, आता रिटायर. बोरगाव मंजूला पोराच्या पंक्चरच्या दुकानापुढे सकाळभर रस्त्याकडे तोंड करून बसतो.

"रहीमभाई, रोडवर हाव का?"

"और किधर जाऊंगा, भाऊ? बसलोच हाव."

"अमरावतीची साधी आली का?"

"ते काय, येऊनच राहिली. थांब, तुले काय पाह्यजे तिच्यात?"

"कोण उतरते, कोण चढते, तेवढं सांग. फोन ठेवू नको."

गाडीचा ब्रेक ऐकू आला, मग दाराचा आवाज. 

"शालिकभाऊ, तू तर म्हणे पोरगी आफ्रिकेले गेली?"

"गेली ना."

"मंग हे खिडकीत कोण बसली? पौर्णिमाच हाय. हात केला म्या, तिनं पण केला." गाडी निघाल्याचा आवाज आला. "लेकिन भाऊ, एक बात अजीब. सामान नाई काही तिच्यापाशी. पिशवी नाई, पर्स नाई. एकदम खाली हात. इतक्या दूरून कोणी खाली हात येते का?"

रहीमच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं आहे. त्याला दहा फुटांवरचा माणूस नीट दिसत नाही, हे मला माहीत आहे. हेच मी स्वतःला सांगितलं, आणि उठून पुढच्या दाराला आतून दोन्ही कड्या लावल्या. 

मग तिला सगळं सांगितलं. नवराबायकोत एवढी मोठी गोष्ट लपवून चालत नाही, आणि मला एकट्याला ते झेपलंही नसतं.

६

नऊ पंचावन्न. फाटकाची कडी वाजली. वेळेवर. माझ्या एकोणीस वर्षांत ती साधी गाडी इतकी वेळेवर कधी आली नव्हती.

अंगणातून पावलांचा आवाज आला नाही. पण दाराच्या पलीकडे, अगदी लाकडाला लागून, कुणीतरी म्हणालं, "आई, पोचली मी."

माणिकने माझा दंड धरला. तिची नखं रुतली.

"आई, बाहेर ऊन आहे गं."

बाहेर ऊन होतंच. दहा वाजताच अकोल्याची फरशी पाय भाजते. माणिकच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अवो, तीच असली तं? विमान चुकलं असंन, पैशे संपले असतीन, सांगायची लाज वाटत असंन... लेकरू उन्हात उभं हाय वो माझं!"

"तिचं सामान कुठं हाय?"

"चोरीले गेलं असंन!"

 मला स्वतःला वाटत होतं की दार उघडावं. हे मी इथे कबूल करतो. बाप होतो मी, दगड नव्हे.

"आई, दार नको उघडू," बाहेरची म्हणाली. आवाजात रडू नव्हतं, घाई नव्हती. "फक्त झाडून घे. मंग मी येतो बराबर."

माणिकने माझा हात सोडला. "आली गं बाई माझी," असं पुटपुटत ती दोन पावलं दाराकडे गेली.

माझ्या हातातल्या मोबाइलवर उरलेला वेळ दोन तास आठ मिनिटं होता. तो दोन पस्तीस झाला. माझ्या डोळ्यांदेखत. निळ्या पाण्यावरचं विमान वळलं होतं आणि त्याचं नाक मुंबईकडे होतं.

नेटवर्कचा घोळ असेल. हवामान खराब असेल म्हणून वळवलं असेल. अशी कारणं मला आजही सुचतात आणि ती सगळी खरी असू शकतात. पण त्या घटकेला मी कारणांपाशी थांबलो नाही. मी माणिकला मागे ओढलं आणि मोबाइल तिच्या डोळ्यांपुढे धरला.

"पाह्य! तू आली म्हटलं, अन् ते फिरलं! म्हण, नाई आली! माणिक, मोठ्यानं म्हण!"

"मी कशी म्हणू वो? माझी लेक..."

"तुह्या लेकीसाठीच म्हण! गाडी आली का नाई ते गाडी नाई ठरवत. स्टँडवर बसलेला माणूस ठरवते. म्हण!"

ती हुंदका देऊन किंचाळली, "नाई आली! तू नाई आली! माझी पौर्णिमा वाटेवर हाय!"

मी ओरडलो, "नाई आली! घेत नाई तुले स्टँडात! जाय वापस!"

शेजारच्या इफ्फतभाभी खिडकीत येऊन विचारू लागल्या, क्या हुआ, क्या हुआ. आम्ही तसेच ओरडत होतो, साठीच्या घरातली दोन माणसं, स्वतःच्या दाराकडे तोंड करून, स्वतःच्याच पोरीच्या आवाजाला "तू आली नाहीस" म्हणत. बाहेरची मध्येमध्ये "आई" म्हणायची. मग फक्त "बाबा" म्हणायची. एवढं अवघड काम मी नोकरीत कधी केलं नव्हतं. घसा बसला, माणिक पाणी आणायला गेली, तिथूनही ओरडत होती. नकाशातलं विमान पुन्हा वळलं आणि आकडा हळूहळू खाली येऊ लागला. दोन तास. दीड. एक.

कधीतरी बाहेरचा आवाज बंद झाला. फाटकाची कडी मात्र वाजली नाही. म्हणजे कुणी गेलं नव्हतं.

७

एकला पाच मिनिटं कमी असताना फोन आला. मी उचलला आणि कानाला लावून धरला.

"बाबा? हॅलो? ऐकू येऊन राहिलं का? उतरली मी! अवं, केवढी लाइन आहे इथं, आणि बॅग अजून आली नाई, दोन बॅगा आहेत ना माझ्या. बाबा, इथली माती लाल आहे, विटेसारखी! वरून दिसली मले."

ती बोलतच होती. मी खाली बसलो. माणिकने फोन हिसकावला आणि नुसती रडली.

"आई, कावून रडून राहिली? बरी आहे मी. मधात विमान जरा फिरवलं म्हणे, ढग होते. फक्त डावा पाय मुंग्या येऊन पार झोपला माझा. सहा तास बसून होती ना. चालतो तं लंगडतो."

फोन ठेवल्यावर माणिकने डोळे पुसले आणि सवयीने झाडू शोधू लागली. पोरगी पोचली होती, चाल पाळून झाली होती. मीच तिला थांबवलं.

उंबऱ्याच्या आत, पौर्णिमाच्या बाहेर जाणाऱ्या पावलांशेजारी, धुळीत एक पाऊल होतं. एकच. डावं. बोटं घराकडे.

सकाळी झाडूने पुसलं होतं तेवढंच लांब, तेवढंच रुंद. दोन्ही कड्या लागलेल्या होत्या.

मी स्वयंपाकघरातला दगडी पाटा उचलून आणला आणि त्या पावलावर ठेवला. कमरेत उसण भरली, आठ दिवस ती राहिली. पण पाटा हलला नाही.

८

आता डिसेंबर आहे. सात महिने झाले, आमची बैठक झाडलेली नाही. आम्ही मागच्या दाराने येतो-जातो. नातेवाईक म्हणतात, पोरगी परदेशी गेली आणि म्हातारा-म्हातारीची सटकली. म्हणू देत. माणिकची भावजय झाडू घेऊन पुढे झाली तेव्हा मी तिला हात धरून चहा प्यायला मागे नेलं. पावलांवर नवी धूळ बसली आहे, तरी ती दिसतात. दहा बाहेर जाणारी आणि पाट्याखाली एक.

रोज नाही, पण आठवड्यातून तीनचारदा, नऊ पंचावन्नला फाटकाची कडी वाजते. दाराशी कुणी म्हणतं, "बाबा, पोचली." मी पेपर वाचता वाचता म्हणतो, "नाई पोचली." एवढंच. आता ओरडावं लागत नाही. पौर्णिमाचा डावा पाय तिकडच्या डॉक्टरांनी दोनदा तपासला, काही सापडलं नाही. ती थोडी लंगडतेच. तिचा फोन आला की माणिक आधी पायाचं विचारते, आणि फोन ठेवल्यावर मला पाहवत नाही असं रडते. पोरीचं एक पाऊल दुसऱ्या कुणाजवळ आहे आणि मला ते परत हवं आहे. बाकी मला काही नको.

या शुक्रवारी ती सुटीवर येते आहे. मुंबई, मग बेलोरा, मग घर. परवा तिचा फोन आला तेव्हा मी बैठकीतच उभा होतो, पाट्याजवळ. ती म्हणाली, "बाबा, सामान मैत्रिणीसंगं पुढच्या आठवड्यात येईन. मी आपली हात हलवत येतो."

 पौर्णिमा आणि दाराशी येणारी ती, दोघींत मला दिसणारा फरक तेवढाच होता, सामानाचा.

"खाली हात येऊ नको," मी म्हणालो. "काईतरी हातात घेऊन ये."

"काय आणू?"

आता इथे माझ्यातला वऱ्हाडी आडवा आला. मला कापसापलीकडे काही सुचलंच नाही. म्हणालो, "तिकडच्या कापसाचं एक बोंड आण. हातातच धरून ये." ती हसली. म्हणाली, "अकोल्याच्या माणसाले कापूस? गंगा उलटी वाहायले लावून राहिले तुम्ही." पण आणते म्हणाली.

आज गुरुवार. सकाळी नऊ पंचावन्नला कडी वाजली. मी पेपर खाली ठेवला नाही. पण दाराला टपालासाठी जी आडवी फट आहे तिचं झाकण वाजलं, म्हणून पाहिलं.

फटीतून बोटं आत आली. चार, दुसऱ्या पेरापर्यंत. पौर्णिमाचीच बोटं. पाच वर्षांची असताना इस्त्रीला हात लावला होता, त्याचा डाग मधल्या बोटावर. त्या बोटांमध्ये एक उमललेलं बोंड होतं, पांढरंशुभ्र. बोटांनी ते सोडलं. ते पाट्यावर पडलं.

"बाबा," बाहेरून आवाज आला. "आणलं."

परवाचं माझं बोलणं तिने दाराआडून ऐकलं होतं. मी उठलो.  बोंड उचललं आणि खिडकीच्या उजेडात उलटं केलं. देठाला माती होती. काळी. आपली. बोरगावच्या वावरातली, नाहीतर कुरणखेडची. आत्ता वेचणी चालू आहे, रस्त्याकडेच्या शेतातून कुणीही तोडून आणेल.

मी चिमटीत धरून ते बोंड फटीतून परत बाहेर ढकललं.

"लाल माती आण," मी म्हणालो. "मुंबईहून साडेचार हजार किलोमीटर हाय. चालू पड."

 मग कडी वाजली. सात महिन्यांत पहिल्यांदा, जाताना.

माणिक माझ्याकडे पाहत होती. तिला काय वाटत होतं ते मला कळलं, कारण मलाही तेच वाटत होतं. हिशेब सोपा होता. लाल मातीचं बोंड उद्या पौर्णिमाच्या हातात बेलोऱ्याला उतरणार होतं. इथून गेलं ते उद्या बेलोऱ्यालाच असणार.

तेव्हा उद्या मी पहाटेच निघतो आहे. रहीमभाई गाडी चालवणार आहे, डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्याचं. विमानाच्या दारातून जी उतरेल तिच्या हातातलं बोंड मी आधी उलटं करून पाहीन. मग तिचा हात धरीन आणि नव्वद किलोमीटर सोडणार नाही, ती हसली, चिडली, "बाबा, लोक पाहून राहिले" म्हणाली तरी सोडणार नाही. पुढच्या दाराने तिला आत घेईन. पाटा मी स्वतः उचलीन, पुन्हा कंबर गेली तरी चालेल. तिथे ती आपलं डावं पाऊल टेकवेल, लंगडत का होईना. आणि मग मी म्हणेन, पोचली.

झाडू माणिकने आजच दाराशी आणून ठेवला आहे.